टेबल सॉची जोडणी: आधी चर, मग बाकी सगळं

टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणाऱ्या मशीनचं, खोकं उघडलं की पहिला मोह होतो तो प्लग लावून एखादी फळी फाडून बघण्याचा. तो आवरा. कारखान्यातून जुळवून आलेलं मशीनसुद्धा वाहतुकीत हलतं, आणि अर्ध्या मिलिमीटरची चूक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पुढचं सगळं काम प्लग काढलेला ठेवूनच करायचं.

स्टँड जोडताना सुरुवातीला नट हातानेच फिरवा. चारही पाय जमिनीला नीट टेकले की मग पाना लावा, नाहीतर मशीन कायमचं डुगडुगतं. वजनदार टेबल उलटवायला दुसरा माणूस हवाच. जागा ठरवताना मशीनच्या पुढे आणि मागे तुमच्या सर्वांत लांब फळीएवढी मोकळीक धरा.

बिडाच्या टेबलावर गंज लागू नये म्हणून चिकट थर दिलेला असतो. तो रॉकेलच्या फडक्याने पुसून काढा (खिडक्या उघड्या, जवळपास ठिणगी नको), पृष्ठभाग कोरडा करा आणि पेस्ट वॅक्सचा पातळ हात द्या. सिलिकॉन असलेलं पॉलिश मात्र वापरू नका. ते लाकडाला लागलं की त्यावर वॉर्निश नीट धरत नाही.

आता पातं बसवा. वरच्या बाजूचे दात तुमच्याकडे तोंड करून हवेत. नट कुठल्या बाजूला सुटतो हा गोंधळ नेहमीचा आहे: पातं ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला नट सैल होतो. म्हणून चालू मशीनमध्ये तो आपोआप सुटत नाही, आणि जीव खाऊन आवळायचीही गरज नसते.

यानंतरचं काम सर्वांत महत्त्वाचं. टेबलावर कोन-गेज (फळी हव्या त्या कोनात धरून पुढे ढकलायचं साधन) सरकवायचा जो चर असतो, तो या मशीनचा पाया समजा. पातं चराला समांतर, फेन्सही (फळी जिला टेकवून सरळ सरकवायची ती उभी पट्टी) चराला समांतर, हाच क्रम. पातं पूर्ण वर घ्या, एका दातावर पेनाने खूण करा. सरकत्या पट्टीचा गुण्या चराच्या कडेला टेकवून पट्टी त्या दाताला जेमतेम लागेल अशी पक्की करा. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि तिथे मोजा. तोच दात, दुसरा नाही, कारण पातं स्वतःच थोडं वाकडं असू शकतं. मी एकदा वेगवेगळे दात मोजत अख्खी संध्याकाळ घालवली आहे. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढा आला की पुरे. जास्त असेल तर टेबलाचे किंवा पात्याच्या खालच्या बैठकीचे (कुठले, ते माहितीपुस्तिकेत पाहा) तीन बोल्ट सैल करा, चौथा जेमतेम धरून ठेवा, आणि लाकडी हातोड्याने हलकेच ठोका. आवळताना पुन्हा सरकतं, त्यामुळे आवळल्यावर परत मोजा.

फेन्स मागच्या टोकाला पात्यापासून किंचित लांब गेलेली चालेल, पात्याकडे झुकलेली अजिबात नाही. त्यामागे कारण आहे. २५४ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरलं तर दातांचा वेग सेकंदाला ५० मीटरहून अधिक होतो. फळी फेन्स आणि पात्याच्या मागच्या भागात चिमटली, की वर येणारे मागचे दात तिला उचलून तुमच्या अंगावर भिरकावतात. पात्यामागची चीरपट्टी (कापलेली चीर मिटू न देणारी पातळ उभी पट्टी) यासाठीच असते. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड, पण कापाच्या रुंदीपेक्षा पातळ हवी. अडचण वाटते म्हणून तिला काढून ठेवणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका. आडवा काप घेताना फेन्स आणि कोन-गेज एकत्र वापरणंही असंच घातक.

काटकोन तपासायला रुंद फळी आडवी कापा, एक तुकडा उलटा करून कापलेली टोकं सपाट जागेवर जुळवा. फट दिसली तर ती चुकीच्या दुप्पट असते, म्हणून हा उपाय गुण्यापेक्षा नेमका.

देखभाल फार नाही. आतला भुसा काढत राहा, मोटरच्या हवेच्या झरोक्यांवर तर खास लक्ष ठेवा. पातं वरखाली करणाऱ्या दातेरी चक्रांना तेल घालू नका. भुसा त्याला चिकटून लगदा होतो. कोरडं वंगण किंवा मेण पुरतं. काप काळपटला तर पातं बोथट झालं म्हणून लगेच धार लावायला धावू नका. बहुतेकदा दातांवर राळ साचलेली असते. पातं काढून साबणी द्रावणात भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, लगेच कोरडं करा. तरीही काप जळत असेल तर फेन्स तपासा. पट्ट्यावर चालणारं मशीन असेल तर पट्ट्याला भेगा गेल्यात का तेही पाहा.

आणि मशीन जागेवरून हलवलं, की गुण्या पुन्हा चराला लावायचा.