वॉर्डात औषधाची चूक झाली आणि वरून निरोप आला "नोंद नको": इनचार्ज सिस्टरने काय करावं

रात्री दहाचं इन्सुलिन. केसपेपरवर १० युनिट ग्लार्जिन (दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन). व्हायल (औषधाची बाटली) १०० युनिट प्रति मिलीची, पण ट्रेमधून हातात येते लाल टोपीची, ४० ची सिरिंज, म्हणजे ४० युनिट प्रति मिलीच्या इन्सुलिनसाठीची. तिच्या १० च्या रेघेपर्यंत भरलं की पाव मिली होतं, म्हणजे पेशंटला जातात २५ युनिट. अर्ध्या तासाने स्टाफच्या लक्षात येतं आणि तासाभरात कोणीतरी म्हणतं, "पेशंट ठीक आहे ना, मग कशाला लिहायचं?"

पहिलं काम पेशंटचं. लगेच शुगर तपासा, ड्यूटी डॉक्टरांना बोलवा, पुढच्या तपासण्यांची वेळ त्यांच्याकडून लिहून घ्या. रेग्युलर इन्सुलिनचा परिणाम साधारण ६ ते ८ तास टिकतो, ग्लार्जिनचा २४ तासांच्या आसपास. त्यामुळे मध्यरात्री शुगर १२० आली म्हणून निर्धास्त होऊ नका. सकाळच्या आणि दुपारच्या पाळीलाही हँडओव्हरमध्ये ठळक सांगा. शुगर ७० च्या खाली गेली आणि पेशंट शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ती व्हायल आणि सिरिंज फेकू नका. टोचणार नाही अशा डब्यात, तारीख-वेळ लिहून, वेगळी ठेवा.

मग नोंद, आणि ती त्याच पाळीत. काय द्यायचं होतं, काय दिलं गेलं, किती वाजता लक्षात आलं, तेव्हा शुगर किती होती, कोणाला कळवलं, त्यांनी काय सांगितलं, एवढंच. "चुकून", "निष्काळजीपणे", "गर्दीमुळे" हे शब्द केसपेपरवर नकोत. कारणमीमांसा इन्सिडेंट फॉर्ममध्ये (घटना कळवण्याच्या वेगळ्या फॉर्ममध्ये) येते. खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि वेळ. खालचा मजकूर वाचता आला पाहिजे, व्हाइटनर बंद. राहून गेलेलं नंतर लिहिलं तर "उशिरा केलेली नोंद" असं म्हणून खरी वेळ टाका.

नवीन पान लिहून जुनं काढून टाका, असं सुचवलं जातं तेव्हा स्टाफला एक गोष्ट दाखवून द्या. ग्लुकोमीटरच्या मेमरीत प्रत्येक तपासणी वेळेसह राहते. मागाहून लिहिलेल्या पानावर सगळ्या वेळा १०, १२, २ अशा गोल असतात, शाई एकच आणि अक्षरही एकच. मीटर सांगतं १०:४७, पान सांगतं ११. अशा पानाने स्टाफ वाचत नाही. जी साधी चूक होती ती आता फसवणूक ठरते.

दबाव आणणाऱ्याशी वाद घालत बसू नका. एक वाक्य पुरतं: "सर, नोंद झाली आहे. तुमचं मत वेगळं असेल तर खाली तुमच्या नावाने, वेळ टाकून लिहा." बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो. नाही थांबला, तर त्याच दिवशी मॅट्रनना (रुग्णालयाच्या मुख्य सिस्टरना) लेखी कळवा आणि प्रत आवक क्रमांकासह परत घ्या. त्यापुढे वैद्यकीय अधीक्षक आणि असेल तिथे गुणवत्ता किंवा नैतिकता समिती. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेशंटचं नाव किंवा केसपेपरचा फोटो मात्र कधीच टाकू नका.

पेशंटला आणि नातेवाइकांना उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगायचं, इनचार्जने सोबत थांबायचं. पेशंट शुद्धीवर असेल तर आधी त्याला. काय झालं, काय उपाय केला, आता कशावर लक्ष ठेवतोय, एवढं स्पष्ट सांगा. स्टाफचं नाव पुढे करू नका.

त्या स्टाफशी बोलणं स्टेशनवर किंवा हँडओव्हरमध्ये सगळ्यांसमोर नको. दार लावून विचारा, "त्या वेळी हातात काय काय होतं?" तेवढाच अनुभव असलेली दुसरी सिस्टर त्याच जागी असती तर तिच्याकडूनही हेच झालं असतं का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. ४० आणि १०० च्या सिरिंजा एकाच ट्रेमध्ये असतील तर उत्तर हो आहे, आणि आधी ट्रे बदलायला हवा: लाल टोपी ४० साठी, केशरी १०० साठी, दोन वेगळे कप्पे आणि देण्याआधी दुसऱ्या सिस्टरची सही. सवयीने पायरी गाळली असेल तर शिकवा. धोका माहीत असून मुद्दाम केलं असेल तरच मेमो. स्वतःहून चूक सांगणाऱ्या मुलीला मेमो मिळाला, की पुढच्या चुका तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

लपवायचा दबाव नातेवाइकांकडूनही येतो. "आईला कॅन्सर आहे हे सांगू नका" ही विनंती मराठी घरांतून नेहमी येते आणि तिच्यामागे माया असते. तरी स्टाफने खोटं बोलायचं नाही. निदान जाहीर करणं हेही स्टाफचं काम नाही. पेशंटने विचारलं तर "मी डॉक्टरांना तुमच्याशी बोलायला सांगते" म्हणा आणि खरंच सांगा. डॉक्टरांनी आधी आईंनाच विचारावं, "आजाराबद्दल सगळं तुम्हाला स्वतःला कळावं, की घरातल्या कोणाशी बोलू?" उत्तर त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर हवं. शस्त्रक्रियेच्या संमतीची वेळ आली की पळवाट उरत नाही: शुद्धीवर असलेल्या सज्ञान पेशंटची संमती त्याचीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली निकालात स्पष्ट केलं आहे. मुलाची सही तिथे चालत नाही.

रात्री तोंडी आलेलं "याला काही करू नका" पाळू नका. सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) न करण्याचा निर्णय डॉक्टरांच्या सहीने लेखी असायला हवा. नसेल तर सीपीआर सुरू करा, आणि पूर्ण करा. नातेवाइकांना दाखवण्यापुरतं छातीवर हात ठेवणं हा पेशंटचाही अपमान आहे आणि स्टाफचाही.

माणसं कमी असतील तर पाळी सुरू होण्याआधी पत्र द्या, आणि त्यात तक्रारीच्या सुराऐवजी आकडे असू द्या: किती पेशंट, त्यांतले व्हेंटिलेटरवर किती, हजर सिस्टर किती, आणि आज कोणतं काम वेळेवर होणार नाही. घटना घडल्यावर दिलेलं पत्र सबब वाटतं. आधी दिलेल्या पत्रावर निदान अतिरिक्त स्टाफ मागता येतो.