पिकअपचा जाम झालेला मागचा ड्रम कसा काढावा, आणि ब्रेक खरोखर कसे सुधारावेत

पावसाळ्यात पिकअप हँडब्रेक ओढून काही आठवडे उभी राहिली की मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम जाम होतो. लासलगाव-पिंपळगावच्या मार्केटला रोज माल नेणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळं. तिथे लायनर, म्हणजे ब्रेक मारल्यावर ड्रमला आतून घासणारं अस्तर, घासून ड्रमच्या आत खोलगट पट्टा पडतो, काठाशी न झिजलेला कंगोरा उरतो आणि ड्रम ओढला की लायनर त्यात अडकतात.

हातोडी उचलण्याआधी नेमकं काय झालंय ते ओळखा. ड्रम थोडा बाहेर येऊन थांबतोय? कंगोरा. चाक फिरतंय पण ड्रम जरासाही बाहेर येत नाही? हब आणि ड्रमचं मधलं भोक यांच्यात गंज धरलाय. चाकच फिरत नाही? मग हँडब्रेकची केबल अडकली असेल, व्हील सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारा) जाम असेल किंवा लायनर ड्रमला चिकटले असतील.

गाडी सपाट आणि टणक जमिनीवर घ्या. मळ्यातल्या भुसभुशीत मातीत जॅक खचतो. पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून ठोकळे लावा, मगच गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक पूर्ण खाली सोडा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. एक्सलखाली जॅक लावून गाडी उचलली की लगेच घोडी (स्टँड) द्या, मग चाक काढा. नुसत्या जॅकवर काम करू नका, पाच मिनिटांचं असलं तरी.

आता बॅकप्लेटवरचं, म्हणजे ड्रमच्या मागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावरचं, रबरी बूच काढा. आत दातेरी चाकी दिसेल, तोच अ‍ॅडजस्टर. काही गाड्यांत त्याची रचना वेगळी असते, पण चाकी असेल तर एका बारीक स्क्रूड्रायव्हरने तिच्यावरचा लीव्हर बाजूला धरा आणि दुसऱ्याने चाकी फिरवा. लीव्हर न उचलताच चाकी टिकटिक करत सहज फिरत असेल, तर ब्रेक सैल होण्याऐवजी आवळला जातोय, दिशा बदला. लायनर पुरेसे आत गेले की कंगोऱ्यात अडकलेला ड्रम बहुतेक वेळा इथेच सुटतो.

गंजाला मात्र वेळ द्यावा लागतो. हबभोवती आणि स्टडच्या मुळाशी तारेचा ब्रश मारा, गंज सोडवणारं तेल फवारा आणि निवांत चहा घेऊन या. ड्रमवर लहान स्क्रू असेल तर तो आधी काढायचा. तो राहिला आणि ड्रम ठोकत बसले, हे गॅरेजमध्ये नेहमी दिसतं. नंतर हातोडीने ड्रमच्या समोरच्या तोंडावर, दोन स्टडच्या मधल्या जागेत ठोका. काठावर नको. ड्रम बिडाचा असतो, काठाचा तुकडा उडतो.

बऱ्याच ड्रमना तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात. ती याच कामासाठी दिलेली आहेत. त्या मापाचे बोल्ट आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा, मध्ये मध्ये ठोका. एकच बोल्ट आवळत गेलात तर ड्रम तिरका होऊन आणखी अडकतो. गॅसने तापवणं टाळा. एक्सलचं ऑइल सील आणि व्हील सिलेंडरची रबरं जवळच असतात. एक्सलच्या टोकाची फ्लँज (चकती) हबला गोलाकार मांडलेल्या बोल्टांनी बसवलेली असेल तर काही गाड्यांत एक्सल काढल्याशिवाय ड्रम निघत नाही. ते काम गॅरेजलाच द्या.

ड्रम निघाला की आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तोंडाला मास्क बांधा, धूळ पाण्याने भिजवून पुसून घ्या.

मग तपासणी. लायनर दीड मिलिमीटरवर आला असेल किंवा रिबीट दिसू लागले असतील तर बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदमच. व्हील सिलेंडरचं रबरी टोपण हळूच उचला. आत ओल असेल तर सिलेंडर गळतोय. लायनरला गिअर ऑइलचा वास येत असेल तर आधी ऑइल सील बदला, नाहीतर नवे लायनर फुकट जातील. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. नाशिकमध्ये सातपूर-अंबडला लेथवर ड्रम टर्न करून (आतून कातून सपाट करून) मिळतो, पण टर्निंगनंतर व्यास त्या आकड्याच्या पुढे जाणार असेल तर नवाच घ्यावा.

अपग्रेड म्हटलं की अनेकांना मागे डिस्क हवी असते. माझं मत स्पष्ट आहे: मालवाहू पिकअपला ती भानगड नको. मूळ रचनेत फेरफार केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येऊ शकतं, फिटनेस आणि विमाही अडतो. मोठ्या बोअरचा (आतून जास्त व्यासाचा) व्हील सिलेंडरही नको, रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर लॉक होतील. चांगल्या प्रतीचे लायनर, नव्या स्प्रिंगा, अ‍ॅडजस्टर आणि व्हील सिलेंडर एवढं बसवलं तरी फरक कळतो.

आणि एलएसपीव्ही (लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह) पाहा. चेसीवरचा हा व्हॉल्व्ह एका दांडीने किंवा स्प्रिंगने एक्सलला जोडलेला असतो. वजन पडून चेसी खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. आपल्याकडे कांद्याच्या गोण्या जास्त बसाव्यात म्हणून मागच्या स्प्रिंगचा पाटा वाढवतात. मग भरलेली गाडीही खाली बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि कसारा घाट उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. उलट काहीजण दांडी तारेने बांधून टाकतात; मग रिकामी गाडी पावसात मागून घसरते. पाटा वाढवला असेल तर एलएसपीव्ही प्रेशर गेज लावून सेट करून घ्या. हजारो रुपयांच्या पार्टपेक्षा हे काम मोलाचं.

जोडणी करताना एक बाजू पूर्ण करा, मगच दुसरी उघडा. विसरलं तर पाहायला नमुना राहतो. मोबाइलवर फोटो तर काढाच. डाव्या-उजव्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलटे असतात, अदलाबदल करू नका. बॅकप्लेटवर लायनर जिथे टेकतो त्या ठिकाणी उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावा. नव्या ड्रमवर गंजू नये म्हणून तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसा.

सिलेंडर बदलला असेल तर ब्रेकच्या पाइपातली हवा काढावी लागेल. साधारणपणे मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा. ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका आणि टोपणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ तेच वापरा. आधी लायनर अ‍ॅडजस्ट करा, हँडब्रेकची केबल नंतर. उलट क्रमाने केलं तर लायनर चिकटून राहतात आणि ड्रम तापतो.

पहिल्या दिवशी माल भरू नका. मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाने हलके ब्रेक मारत गाडी हळू करा, मध्ये ड्रम गार होऊ द्या, असं पंधरा-वीस वेळा. ५०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळून लायनरचं अंतर पाहा. पुढे पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअर टाकून चाकांना ठोकळे लावा.