कावळा बसायला आणि फांदी तुटायला: नियतीची हलकीफुलकी प्रेमकथा कशी लिहावी

नियतीवरची प्रेमकथा लिहायला बसलात की आधी कामाची वाटणी करून घ्या. तुमच्या गोष्टीत नियती काय करणार आणि माणसं काय करणार? हे ठरल्याशिवाय पहिलं पान लिहू नका. दुसऱ्यांच्या पटकथा वाचायच्या आणि गाडी कुठे अडली आहे ते लेखकाला सांगायचं, हे माझं काम. हलकीफुलकी प्रेमकथा आली की बाकीचे गठ्ठे बाजूला सारून मी ती आधी वाचते. हा प्रकार मला मनापासून आवडतो, आणि लोकांना वाटतो त्याहून तो लिहायला पुष्कळ कठीण आहे. त्यातल्या कितीतरी पटकथा एकाच जागी बसतात. शेवटच्या दहा पानांत योगायोग धावून येतो आणि नायक-नायिकेने करायची कामं तोच उरकून टाकतो.

प्रेक्षकाचा हिशेब साधा असतो. योगायोगाने माणसं गोत्यात आली तर तो ते खुशीने मान्य करतो. योगायोगानेच ती सुटली, तर आपल्याला फसवलं असं त्याला वाटतं. म्हणून सुरुवातीला नियतीला मनसोक्त खेळू द्या, मध्यानंतर तिचा हात आखडता घ्या, आणि शेवटचं पाऊल माणसालाच टाकायला लावा.

आता योगायोग निवडायचा कसा? ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये आर्गोसमधल्या एका पुतळ्याचा दाखला दिला आहे. मिटिस नावाच्या माणसाचा तो पुतळा. मिटिसचा खुनी तो बघत उभा होता, आणि पुतळा नेमका त्याच्याच अंगावर कोसळून तो मेला. पुतळे काय, पडतातच. पण या पडण्यामागे कुणाचा तरी हेतू आहे असं वाटतं, म्हणून अशी घटना निव्वळ अपघातापेक्षा अधिक थक्क करते, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. चर्चा शोकांतिकेची होती, पण प्रेमकथेला ती जशीच्या तशी लागू पडते. योगायोग त्या माणसांच्या स्वभावाशी, त्यांच्या मागच्या आयुष्याशी बांधलेला असला की प्रेक्षकाला त्यात हेतू दिसतो. नाहीतर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच उरतं.

दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असणं हा मला सर्वांत जास्त भेटणारा योगायोग, आणि सर्वांत दुबळा. खोलीत अवघी २३ माणसं असली तरी त्यांतल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. तुमची नायिका हिशेबी असेल तर ती हे नायकाला पहिल्याच भेटीत ऐकवेल, आणि तिने ते जरूर ऐकवावं. छान संवाद होईल. पण त्यावर प्रेमाचा इमला बांधू नका.

मोठा, जवळजवळ अशक्य वाटणारा योगायोग कसा गळी उतरवावा, हे शिकायला ‘अभिज्ञानशाकुंतल’ पुन्हा वाचा. महाभारतातल्या आख्यानात अंगठीही नाही आणि दुर्वासांचा शापही नाही. कालिदासाच्या नाटकात मात्र सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. पहिल्याच अंकात आश्रमात शिरताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो आणि तो म्हणतो, ‘भवितव्यानां द्वाराणि भवन्ति सर्वत्र.’ व्हायचं असेल त्याची दारं सगळीकडे असतात. म्हणजे नियतीचं नाणं सुरुवातीलाच, आणि उघडपणे, टेबलावर ठेवलं गेलं. पुढे अंगठी पाण्यात पडते, मासा ती गिळतो आणि तोच मासा एका कोळ्याला मिळतो. एवढं सगळं कोण मान्य करेल? पण सहाव्या अंकाची सुरुवात बघा. शिपायांनी त्या कोळ्याला चोर म्हणून बांधून आणलंय, दटावणी चाललीय, त्याला मारायला त्यांचे हात शिवशिवतायत. तेवढ्यात राजाकडून बक्षीस येतं आणि तेच शिपाई त्याचे दोस्त होऊन त्याच्याबरोबर मद्य प्यायला निघतात. आपण हसत असतो, आणि हसता हसता मासा, अंगठी, सगळं मान्य करून बसतो. सर्वांत मोठा योगायोग विनोदी प्रसंगात ठेवायचा, तो असा. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. अंगठी मिळाली म्हणून शकुंतला मिळत नाही. राजाला फक्त आठवण मिळते, आणि आठवणीबरोबर पश्चात्ताप. शेवटी तिच्या पाया पडून क्षमा त्यालाच मागावी लागते. ते काम अंगठी करू शकत नाही.

आता एक गोष्ट रचत जाऊ, म्हणजे पुढचं हाताला लागेल.

ती मोठ्या रेल्वे स्टेशनवर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसते. दिवसभर छत्र्या, चष्मे, जोडीतला एकच हातमोजा. नशिबावर तिचा काडीचाही विश्वास नाही. जगात निष्काळजीपणा तेवढा आहे, असं तिचं ठाम मत. तो नाटक कंपनीत प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळतो. गावोगावच्या प्रयोगांसाठी सामान घेऊन सतत प्रवासात, आणि सतत काहीतरी गाडीत विसरणारा. आपलं असेल ते परत येतं, यावर त्याची श्रद्धा. दोघांची मतं त्यांच्या कामातून आली आहेत, म्हणून तात्त्विक चर्चेचं एकही पान लिहावं लागत नाही. तो तलवार मागायला येतो आणि ती नोंदवहीत लिहिते, ‘तलवार, लाकडी, एक, बोथट.’ भेट झाली, विनोद झाला, दोघांचे स्वभाव कळले, आणि कोणी कोणावर जाऊन आदळलं नाही, कागद हवेत उडाले नाहीत.

खुणेची वस्तू एकच ठेवा आणि तिच्यात काही यंत्रणा असू द्या. इथे ती नोंदवही. तिच्यात रकाने आहेत: वस्तू, तारीख, कुठे सापडली, कोणी नेली, सही. नुसतं लॉकेट किंवा फाटलेला फोटो ही मुकी वस्तू असते. ती एकदाच बोलते. नोंदवही दर वेळी नवं काही सांगू शकते, आणि पुढे ती आपल्याला तारून नेणार आहे.

पहिल्यांदा तलवार तो खरंच विसरला होता. दुसऱ्यांदा कागदी मुकुट, तोही खरंच विसरला. इथे नियतीचं काम संपलं. तिसऱ्यांदा तो हातातला कंदील बाकड्यावर ठेवतो, दोन पावलं जातो, मागे वळून बघतो, आणि तसाच निघून जातो. हा तुमच्या पटकथेचा मध्य. इथून पुढे योगायोग बनावट आहे, प्रेक्षकाला ते ठाऊक आहे आणि तिला नाही.

या अंतरावरच सगळी गंमत चालते, म्हणून इथे जरा थांबते. ग्रीक नाटककार मिनँडरने इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास हेच केलं होतं. त्याच्या ‘ॲस्पिस’ या नाटकात पहिला प्रवेश झाल्यावर टायकी, म्हणजे खुद्द नियतीची देवता, रंगमंचावर येते आणि प्रेक्षकांना सांगून टाकते की ज्याला सगळे मेला समजतायत तो जिवंत आहे. त्यानंतर रडारडीचे प्रसंगसुद्धा गमतीचे होतात. चुकामुकीचे प्रसंग लिहिताना हे लक्षात ठेवा. दोघं एकाच जिन्यावरून एकमेकांना न बघता गेले, हे प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. शिवाय त्या क्षणी दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्याची फार गरज असली पाहिजे. गरज नसेल तर ती दोन माणसं जिन्यावरून गेली, बस्स. आणि चुकामूक दोनदा पुरे. तिसऱ्यांदा प्रेक्षक पडद्याशी भांडायला लागतो.

मोबाईलचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक लेखक विचारतो. नंबर हरवणं, बॅटरी संपणं, फोन पाण्यात पडणं, यातलं काही करू नका. माझ्या गोष्टीत त्याचा नंबर पहिल्या दिवसापासून तिच्याच अक्षरात वहीत लिहिलेला आहे. ती फोन करत नाही, कारण नियमाप्रमाणे तो नंबर फक्त सामानासाठी आहे, आणि ती नियम मोडणारी नाही. अडथळा स्वभावात ठेवलात की तंत्रज्ञान कितीही पुढे गेलं तरी काही बिघडत नाही.

तिचं लग्न ज्याच्याशी ठरलेलं आहे, तो तिसरा माणूस. त्याला दुष्ट करू नका, कंजूस करू नका, वेटरवर ओरडायला लावू नका. तो भला माणूस आहे आणि त्याचं आयुष्यात कधीच काही हरवलेलं नाही. एवढं पुरतं.

संकट पात्रांच्या श्रद्धेतून उगवावं. त्याच्या वस्तू पुन्हा पुन्हा आपल्याच खिडकीवर येतात हे बघून तिच्या मनात पहिल्यांदाच शंका येते: असेल का काही लिहिलेलं? त्या भरवशावर ती ठरलेलं लग्न मोडते. आणि मग रात्री वहीत जुन्या नोंदी बघताना ‘कुठे सापडली’ हा रकाना तिला दिसतो. डबा. जिना. मग तिकीटघरासमोरचं बाकडं, पुढे चौकशीची खिडकी, आणि शेवटची वस्तू तिच्याच खिडकीखाली. दर वेळी थोडी जवळ. तिने शोधलेली नियती म्हणजे एका माणसाने रचलेला बनाव निघाला. ती चिडते, आणि तिचं चिडणं रास्त आहे. त्याने तिला एका खोट्या खुणेवर मोठा निर्णय घेऊ दिला. हा प्रसंग लिहिताना त्याची बाजू घेऊ नका, त्याला गोड बोलून सुटू देऊ नका. त्याने कबूल करावं, माफी मागावी आणि जावं.

शेवटाच्या आधी लिओ मॅकॅरीचा ‘ॲन अफेअर टू रिमेंबर’ बघा. १९३९ मध्ये ‘लव्ह अफेअर’ नावाने केलेली आपलीच गोष्ट त्याने १९५७ मध्ये पुन्हा पडद्यावर आणली. भेटायला निघालेल्या नायिकेला वाटेत अपघात होतो. नियतीने मोडता घातला, आपण मान्य करतो. पण ती का आली नाही, हे शेवटी नायकाला कोणी सांगत नाही. एका ऐकलेल्या गोष्टीवरून तो स्वतः ताळा जमवतो, स्वतः आतल्या खोलीचं दार उघडतो, आणि तिथे भिंतीवर त्यानेच काढलेलं चित्र असतं. दार त्याने उघडलं म्हणून डोळ्यांत पाणी येतं.

माझ्या गोष्टीत तो आता येत नाही. शेवटची वस्तू खिडकीवर पडून आहे: कागदी मुकुट, एक, डाव्या बाजूला चिकटवलेला. मुदत संपली की बेवारस सामान लिलावात जाणार. कुठलीही खूण नाही, कुठलाही योग नाही, गाडी रद्द झालेली नाही, पाऊस आलेला नाही. ती वही उघडते आणि ‘कोणी नेली’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहून सही करते. मग मुकुट घेऊन नाट्यगृहाकडे निघते. इथे पार्श्वसंगीताची सूचनाही लिहू नका. नियम पाळणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची वस्तू आपल्या नावावर केली, हेच प्रेमाचं बोलणं. तिकडे विंगेत तो राजाच्या डोक्यावर घालायला काय द्यावं या विवंचनेत असू द्या, म्हणजे भेट गळ्यात गळा घालण्यापेक्षा गडबडीत होईल आणि हसूही येईल.

मापाचं थोडक्यात सांगते. नेहमीच्या मांडणीत पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट. या प्रकाराला १०० ते ११० पानं भरपूर होतात. पहिली भेट बाराव्या पानाच्या आत, कंदील पन्नासाच्या आसपास, वहीतला उलगडा पंचाहत्तर ते ऐंशीच्या दरम्यान. दोन-चार पानं इकडेतिकडे झाली तरी चालेल, पण उलगडा नव्वदीत ढकलू नका. माफीला जागा उरत नाही.

संवादांत ‘नियती’, ‘नशीब’, ‘गाठी वर बांधलेल्या असतात’ हे शब्द किती वेळा आलेत ते शोधा आणि एकच जागा राखून बाकीचे काढून टाका. ती जागा शक्यतो तिसऱ्या माणसाला द्या. लग्न मोडल्यावर त्याने ते वाक्य शांतपणे म्हटलं तर ते सर्वांत खरं वाटतं.

पहिला खर्डा झाला की लाल पेन्सिल घ्या आणि प्रत्येक योगायोगाशेजारी समासात लिहा: याने पात्राचं काम सोपं झालं की अवघड? मध्यानंतरचा ‘सोपं’ लिहिलेला प्रत्येक योगायोग खोडा आणि त्या जागी कुणालातरी काहीतरी करायला लावा. जे पान त्यानंतर उभं राहत नाही, त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बसा.