रोशा गवत: तुरा बघून कापणी, पाणी बघून भट्टी

पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेला रोशा आता तुऱ्यावर आला असेल. खानदेश-वऱ्हाडच्या रानातलं हे गवत. त्याचं तेल एके काळी मुंबई बंदरातून पार तुर्कस्तानपर्यंत जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. गुलाबासारखा हा वास जिरॅनिऑल या घटकाचा. चांगल्या तेलात तो ७५ टक्क्यांच्या वर असतो आणि घेणारा आधी तोच तपासतो.

कापणीची घाई करू नका. तेल मुख्यतः तुऱ्यात आणि पानात असतं, दांड्यात जवळजवळ नसतंच. कोवळ्या तुऱ्यात जिरॅनिऑल कमी भरतं, दाणा पक्का झाला की तेलाचा उतारा घसरतो. फुलं उमलल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत विळा लावा. तुरा बोटांत चुरडून नाकाशी धरा: हिरवट, गवताळ वास मागे पडून गोड वास पुढे आला की वेळ झाली. जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापा, म्हणजे फुटवे जोमात येतील. दव उडाल्याशिवाय कापणी नको.

कापलेलं गवत दिवसभर सावलीत पसरून सुकवा. ढीग घालून ठेवलात तर ते आतून तापतं आणि तेल बिघडतं. पहिल्या वर्षी मी ओलं गवत तसंच भट्टीच्या टाकीत, म्हणजे जिथे वाफेने तेल काढतात तिथे, कोंबलं होतं. वाफ गवतात शिरण्याऐवजी तिथेच पाणी होऊन खाली साचली, निम्मं जळण वाया गेलं आणि तेल हाताला लागलं थोडंच.

टाकी भरताना थर दाबून, सगळीकडे सारखे भरा. मध्ये पोकळी राहिली की वाफ तिथूनच पळते आणि बाकीचं गवत कोरं राहतं. पाणी आणि गवत यांच्यामध्ये जाळी हवीच. गवत तळाला लागलं तर तेलाला करपट वास येतो आणि तो कशानेही जात नाही. लोखंडी टाकीत तेलाचा रंग काळपटतो, म्हणून स्टेनलेस स्टीलच घ्या. वाफेचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बॉयलरमधली पाण्याची पातळी रोज पेटवण्याआधी बघा, यात हयगय नको.

खरं नुकसान होतं ते कंडेन्सरवर, म्हणजे तेलाची वाफ थंड पाण्याने निववणाऱ्या नळीवर. नळीतून पडणाऱ्या धारेखाली बोट धरा. धार कोमट असली तर ठीक. चटका बसला तर तेल वाफेबरोबर हवेत चाललंय असं समजा आणि थंड पाणी वाढवा किंवा आच कमी करा. विहिरीचं पाणी पुरेसं नसेल तर भट्टी लावायचा विचारच पुढे ढकला. एक घाणी, म्हणजे टाकीची एक भरणी, साधारण तीन तासांत उरकते. धार ज्या भांड्यात जमते त्या सेपरेटरमध्ये पिवळसर तेल वर तरंगतं, पाणी खाली बसतं. ते पाणी फेकू नका, त्यात थोडं तेल विरघळलेलं असतं. पुढच्या घाणीला टाकीत परत घाला.

टनभर गवताला ४ ते ५ किलो तेल पडलं तर उतारा चांगला समजा. तेलातलं पाणी पूर्ण काढून, गाळून, ॲल्युमिनियमच्या डब्यात तोंडापर्यंत भरा आणि अंधाऱ्या जागी ठेवा. प्लास्टिकचा कॅन वापरू नका. चोथा वाळवून पुढच्या घाणीला जळण म्हणून चालतो. कापलेल्या शेताला आठवड्याच्या आत पाणी आणि नत्राचा हप्ता द्या.