उभा काठ टिकलाय म्हणून निर्धास्त राहू नका

वाळू-गोट्यांच्या खाणीचा काठ महिनोन्‌महिने उभा दिसतो, कारण किंचित ओलावा कणांना धरून ठेवतो. थर पूर्ण सुकला किंवा पाण्याने भरला, की तोच काठ ढासळतो. सुटे गोटे साधारण 30 ते 37 अंशांच्या उतारावरच टिकतात, तेही वर भार नसताना. जवळ इमारत असेल तर ढोबळ तपासणी अशी: खाण 10 मीटर खोल असल्यास तळाच्या कडेपासून इमारतीच्या दिशेने आडवं 20 मीटर मोजा. पाया या अंतराच्या आत येत असेल, तर भू-तांत्रिक अभियंत्याकडून रीतसर गणित करून घ्या. काठाला समांतर भेगा किंवा पायथ्याशी पाझर दिसला, तर मात्र मोजमाप राहू द्या. आधी खोदकाम थांबवा आणि काठाजवळची माणसं, गाड्या हलवा.