कोयोटीमागे कुत्री सोडण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेत मेंढरं पाळणाऱ्यांचं कोयोटीशी, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्याशी, जुनं वैर आहे. कुणी त्याच्यामागे हाउंड म्हणजे शिकारी कुत्री सोडतं, कुणी जखमी सशाचा आवाज काढून त्याला बंदुकीच्या टप्प्यात आणतं, कुणी सापळे लावतं. यात सरस काय, हा वाद नंतरचा. कोकरू मारलं कुणी, हे न बघता निघणं ही सगळ्यात मोठी चूक.

गळ्याखालची कातडी सोलून पाहा. दातांची भोकं आणि भोवती साकळलेलं काळपट रक्त दिसलं, तर कोकराचा गळा जिवंतपणी धरला गेला. कोयोटी मेंढरू बहुधा असंच मारतो. रक्त साकळलेलं नसेल तर जनावर आधीच मेलं होतं, कोयोटी नुसता खायला आला. मागचे पाय आणि कान फाटलेत, एका रात्रीत बरीच मेंढरं जखमी झालीत, तर मोकाट कुत्र्यांवर संशय घ्या. एवढंही न तपासता केलेली शिकार मला पटत नाही. भलताच प्राणी जातो आणि कोकरं मरतच राहतात.

दारात हाउंड आहेत म्हणून तीच सोडायची, हेही चुकतं. कॅन्सस राज्याच्या उघड्या माळावर ग्रेहाउंडसारखी नजरेवर धावणारी कुत्री चालतात, कारण कोयोटी ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने पळू शकतो. झाडीत तो क्षणात दिसेनासा होतो, तिथे वासावर माग काढणारी वॉकर हाउंड लागतात. पण पाठलाग मैलोन् मैल लांबला की कुत्री शेजाऱ्याच्या रानात किंवा हमरस्त्यावर जातात. जीपीएस पट्टा कुत्रं कुठे आहे ते सांगतो, त्याला थांबवत नाही. शेजाऱ्यांची परवानगी आधी घ्या. ती नसेल तर कुत्री घरीच बरी. रेबीज आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस दिलेली हवीच, आणि परतल्यावर खरजेसाठी अंग तपासा.

आवाज काढून बोलावताना लोक वारा विसरतात. कोयोटी सरळ समोरून क्वचितच येतो. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि तिथून माणसाचा वास घेतो. म्हणून ती बाजू नजरेत राहील अशी जागा धरा. पाच मिनिटांत कंटाळून उठू नका, पंधरा-वीस मिनिटं तरी हलू नका.

सापळा लावलात तर रोज बघायला जा. त्यात कुणाचं पाळीव कुत्रंही अडकतं.

दिसेल तो कोयोटी मारला की प्रश्न मिटतो, हा समज खोटा आहे. संख्या घटली की उरलेल्या माद्यांना पुष्कळदा जास्त पिल्लं होतात. कोकरं मारते ती बहुधा पिल्लं वाढवणारी प्रौढ जोडी. हिवाळ्यात हाउंडनी कुठला तरी तरुण नर पकडला, तर वसंतातलं नुकसान तेवढंच राहतं. मला विचाराल तर कळपात ग्रेट पिरेनीज जातीचं राखणदार कुत्रं ठेवणं हा पहिला उपाय.

नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात आणखी जपायला हवं. तिथला अतिदुर्मीळ लाल लांडगा लांबून कोयोटीसारखाच दिसतो. कोयोटी समजून त्याच्यावर होणाऱ्या गोळीबारामुळेच 2014 मध्ये न्यायालयाने तिथल्या पाच काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) कोयोटीची शिकार रोखली होती.

आपल्याकडे कारवानी कुत्री ससा किंवा कोल्ह्यामागे सोडायचा विचारही करू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.