व्हिसा लागत नसला तरी: निघण्याआधीची तयारी

आधी पासपोर्ट उघडा आणि त्याचा क्रमांक कागदावर उतरवून घ्या. पाठ असला तरी बघूनच लिहा. कॅनडाची ईटीए, म्हणजे व्हिसा लागत नसलेल्यांनी निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवासाची परवानगी, पाच वर्षं चालते एवढं मी लक्षात ठेवलं होतं. मध्ये पासपोर्ट नवा केला, तेव्हा ईटीएचा विचारही मनात आला नाही. चेक-इन काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट दोनदा स्कॅन केला आणि मान हलवली. मी मोबाइलवर मंजुरीची ईमेल दाखवली. त्यांनी ईमेलमधल्या क्रमांकावर बोट ठेवलं. तो जुन्या पासपोर्टचा होता, घरी कपाटात पडलेल्या. विमान मला न घेताच गेलं.

ही परवानगी पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेली असते. अमेरिकेची अशीच परवानगी म्हणजे एस्टा असो, ब्रिटनची ईटीए असो, पासपोर्ट बदलला की अर्ज पुन्हा करायचा आणि पैसेही पुन्हा भरायचे. एस्टा आणि ब्रिटनची ईटीए दोन-दोन वर्षांची, पण पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच. त्यामुळे पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करा, मगच अर्जाला हात लावा.

हे सगळं व्हिसामाफी असलेल्या पासपोर्टधारकांसाठी. भारतीय पासपोर्टवर या तिन्ही देशांचा रीतसर व्हिसाच लागतो. दोन नागरिकत्वं असतील तर जपून: ब्रिटिश नागरिकाला ईटीए मिळतच नाही, त्याने ब्रिटिश पासपोर्टवर जायचं.

अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींवर बोट ठेवू नका. त्यातले मध्यस्थ त्याच अर्जाचे कितीतरी जास्त पैसे घेतात. एस्टाचं शुल्क सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस २१ डॉलरवरून ४० झालं, ब्रिटनचं एप्रिल २०२५ मध्ये १० पौंडांवरून १६. जुन्या लेखातला आकडा धरून बसू नका. युरोपची अशीच परवानगी, एटियास, २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू होईल असं युरोपीय संघाने जाहीर केलंय, शुल्क २० युरो. ती सुरू होण्याआधीच कोणी तिचे पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे.

फॉर्म भरताना ओ आणि शून्य, आय आणि एक यांत गल्लत होते. क्रमांकातलं एक अक्षर चुकलं तरी परवानगी भलत्याच पासपोर्टवर जाते. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. एस्टासाठी निदान ७२ तास आणि ब्रिटनसाठी तीन कामाचे दिवस हाताशी ठेवा. बहुतेकांना लवकर उत्तर येतं, पण त्या भरवशावर राहू नका.

मुलांचा अर्ज वेगळा, तान्ह्या बाळाचाही. अमेरिका किंवा कॅनडात फक्त विमान बदलायचं असलं तरी परवानगी लागते. इराण, इराक, सीरिया यांसारख्या देशांत १ मार्च २०११ किंवा त्यानंतर जाऊन आला असाल तर बहुधा एस्टा नाही, व्हिसाच. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता जवळ असू द्या. परवानगी असली तरी आत सोडायचं की नाही हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो.

मंजुरीची ईमेल आली की लगेच उघडा, बॅग भरताना पुन्हा उघडा. पासपोर्ट शेजारी धरा आणि दोन्हींवरचा क्रमांक एकेक अक्षर मोठ्याने वाचा.